'कायमची' शाई आणि माझे ७४,१८९ रुपये

रक्कम आधीच सांगून टाकते, कारण घरातसुद्धा मी ती दोन महिने खोटी सांगत होते. ७४,१८९ रुपये. यांना मी वीस हजार म्हणाले होते. खरा आकडा त्यांना पासबुकातून कळला. त्या संध्याकाळी ते एक शब्द बोलले नाहीत, उठून बाहेर जाऊन बसले. पैसे गेल्यापेक्षा ते जास्त लागलं.

आमचं घर कोल्हापुरातलं, चपलांचं. आबा, म्हणजे माझे सासरे, अजून रोज चामडं कापायची रापी घेऊन बसतात. लग्न होऊन आले तेव्हा मी चपलेची वेणी घालायला शिकले आणि गेली सहा वर्षं स्वतः पाकिटं, किचेन, पासपोर्टची कव्हरं करते. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी शाळेपासून ऐकत आले. त्यामुळे कव्हरावर गिऱ्हाइकाचं नाव हातानं लिहून द्यायला लागले आणि मागणी वाढली. अडचण एकच होती. चामड्यावर लिहिलेलं टिकत नाही.

ठसा का मारला नाहीस, असं आता सगळेच विचारतात. इंग्रजी अक्षरांच्या ठशांचा संच बाजारात सहज मिळतो, ओल्या कातड्यावर ठेवून हातोडी मारली की झालं. देवनागरीचं तसं नाही. वेलांटी, रफार, जोडाक्षरं... 'ज्ञानेश्वरी' किंवा 'मृण्मयी' सुट्ट्या ठशांनी उठवून दाखवा. प्रत्येक नावाचा वेगळा पितळी ठसा करायचा तर मालापेक्षा ठसा महाग पडतो. मला पुण्याच्या एका लग्नघरानं १८० कव्हरांची ऑर्डर दिली होती आणि प्रत्येकावर पाहुण्याचं वेगळं नाव होतं. दर नगाला ३२०, एकूण ५७,६००, त्यातले २०,००० आगाऊ. माल द्यायची तारीख ५ डिसेंबर. मी हावरटपणानं कुठल्या दामदुप्पट योजनेत पडले नव्हते. मला शाई हवी होती, हे कृपा करून लक्षात ठेवा.

ऑक्टोबरच्या मध्यावर मोबाईलवर एक व्हिडिओ आला. चामड्याचा तुकडा, त्यावर काळंभोर अक्षर, वरून पाणी ओततात, फडक्यानं पुसतात, अक्षर जसंच्या तसं. 'लेदरसाठी कायमस्वरूपी शाई'. नमुन्याची बाटली ४९९ रुपये. मागवली. आली. आबांच्या कातड्यावर लिहून बघितलं, माझ्या पाकिटाच्या चामड्यावर लिहून बघितलं, तीन दिवस खिशात ठेवलं, चोळलं. काही झालं नाही. मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत हो! तपासून दिले. पण मी तपासली ती विकणाऱ्यानं गळाला लावलेली बाटली.

मग फोन यायला लागले. 'दीदी' म्हणून गोड बोलणं, माझ्या अक्षराचं कौतुक, कोल्हापूर म्हणजे चामड्याचं माहेरघर आणि तिथं आमचा माणूसच नाही, वगैरे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. एजन्सीचा संच ३८,५०० रुपये: २४ बाटल्या, पेनं, वरून मारायचा सीलर. अनामत १०,०००, 'परत मिळणारी'. माल निघाल्यावर 'जीएसटीचा फरक' म्हणून ४,१३०, नाहीतर पार्सल गोदामात अडकणार. म्हणजे आधीच्या ४९९ सकट त्याच्या घशात गेले ५३,१२९. त्यातले ३०,००० मी बचत गटातून उचलले होते. हप्ता अजून चालू आहे. दर महिन्याला त्याच बायकांसमोर बसून भरते.

आता ते सांगते, ज्यानं माझी झोप गेली.

पैसे पाठवण्याच्या आदल्या दिवशी मीच हट्टानं त्याला व्हिडिओ कॉलवर लिहून दाखवायला लावलं होतं. त्यानं लिहिलं. पाच मिनिटं थांबला. ओल्या फडक्यानं पुसलं. अक्षर हललं नाही. 'देखिए दीदी, पानी से भी नहीं जाएगा.' मी समाधानानं मान हलवली. आणि मी बघत होते, की तो माणूस तो तुकडा पूर्ण वेळ कडेनं धरून होता. दोन बोटांच्या चिमटीत. अक्षराला त्यानं एकदाही बोट लावलं नाही. मला ते दिसलं. मनात आलंसुद्धा, की हा असा का धरतोय, चामडं असं कोण धरतं? आमच्या घरात कातडं हातात आलं की पहिला अंगठा फिरतो. शिवाय तुकडा कोरडा खडखडीत होता, तेलाचा हात न लागलेला. मी फक्त एवढं म्हणायचं होतं: बोटाला खोबरेल लावून घास. चार शब्द. मी म्हटले नाहीत, कारण कुणावर अविश्वास दाखवणं मला अवघड वाटलं. त्या अवघडलेपणाची किंमत मी मोजते आहे.

पाण्यानं न जाणारी शाई म्हणजे पक्की शाई नव्हे. साध्या परमनंट मार्करची शाई स्पिरिटमध्ये विरघळलेल्या रंगाची असते, ती पाण्याला दाद देत नाहीच. तिला हलवतं तेल. आणि चामडं मऊ राहावं म्हणून कारखान्यातच त्यात तेल मुरवलेलं असतं. वर हाताचा घाम, खिशाची ऊब. पाकिटासाठी आपण जे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, वरून फिनिश मारलेलं चामडं वापरतो, त्यात तर शाई आत शिरतच नाही, वरच्या पापुद्र्यावर बसून राहते. हे सगळं मला आता कळलंय.

पार्सल आलं तेव्हा बाटली उघडताच मार्करचा उग्र वास आला. नमुन्याच्या बाटलीला तो वास नव्हता. दुसरी खूण! फोन केला तर म्हणाला, बॅच नवीन आहे, वास उडून जातो. सीलर ब्रशनं लावला तर पहिलंच अक्षर फराटलं. स्पिरिटच्या शाईवर स्पिरिटचाच सीलर, दुसरं काय होणार. त्यावर म्हणाला, दोन दिवस वाळू द्या आणि लांबून फवारा. फवारल्यावर खरोखर नीट दिसलं. तारीख अंगावर आली होती. दहा रात्री बसून मी १८० नावं लिहिली. वीस-वीसचे गठ्ठे बांधले, नऊ गठ्ठे, आणि पाठवून दिले.

तीन दिवसांनी पुण्याहून फोटो आले. खोक्यात एकमेकांवर दाबून बसलेल्या कव्हरांची नावं वरच्याच्या पाठीवर उलटी उमटली होती. काळ्या अक्षरांभोवती जांभळी कड सुटली होती. एका फोटोत मोतिया रंगाचा रेशमी झब्बा होता, खिशावर जांभळा डाग, आणि डागात 'कुलकर्णी' अर्धं वाचता येत होतं. त्या बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास ठेवला होता हो." मी आगाऊचे २०,००० परत केले, माल परत मागवला, त्याचे १,२६० मी भरले. चामडं आणि दोरा १९,८०० चा. मजुरी मी धरलेलीच नाही.

परत आल्यावर एका बाटलीचं लेबल नखानं खरवडलं. खाली दुसरं लेबल होतं: कागद आणि पुठ्ठ्यासाठी मार्करची रिफिल शाई. बिल तेव्हा नीट बघितलं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. पत्ता दिल्लीचा, म्हणजे ०७ हवे. तिथं २४ होते, ते गुजरातचे. आपल्या महाराष्ट्राचे २७. क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो, दोन मिनिटांत. पैसे देण्याआधी तपासा, माझ्यासारखे नंतर नको. आणि पैसे गेले होते एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर, दुकानाच्या नव्हे. यूपीआयवर नाव दिसतं ना, ते वाचा.

पोलीस ठाण्यात तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा दीड तास बसवून ठेवून विचारलं, "शाई आली का नाही? आली ना? मग फसवणूक कसली, माल खराब निघाला, हा दिवाणी मामला आहे." मी लेबलाखालचं लेबल दाखवलं, अनामतीचा मेसेज दाखवला. पलीकडच्या टेबलावरचा एकजण हसून म्हणाला, शाई पुसली म्हणून कुणाला आत टाकायचं? मी चोरी करून तिथं गेले नव्हते, माझ्या कष्टाचे पैसे मागायला गेले होते, आणि उठून आले तेव्हा मान खाली माझी होती. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या टेबलावर, तिथला माणूस जेवायला.

बँकेत सांगितलं, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलात, आमचा संबंध नाही. कुरिअरवाल्यांनी सांगितलं, पाठवणाऱ्याची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, पत्ता आणा मग बघू. पत्त्यासाठी पत्र आणि पत्रासाठी पत्ता. एका मदत कक्षात फोन लागला तर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही धंद्यासाठी माल घेतलात, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. मी फोन ठेवून रडले. हे खोटं आहे, हे मला वकिलाकडे गेल्यावर कळलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्पष्टीकरण आहे, की स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरायची नाही. आपल्यासारख्या घरात बसून काम करणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. हेच सांगायचा ज्यांना पगार मिळतो त्यांना हे माहीत नाही आणि मला वकिलाला पैसे देऊन कळून घ्यावं लागलं.

ठाण्यात घेतलं नाही तर गप्प बसू नका. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रारीचा मजकूर टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन पहिल्या तासात करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी लाजेपायी पाच दिवस थांबले. तोवर ते खातं रिकामं होतं.

शाईबद्दल थोडं, कारण गरज खरी आहे आणि उद्या दुसरा कुणी तीच गरज हेरेल. कुठलीही शाई चार फडक्यांनी तपासा: कोरडं, ओलं, तेलाचं, स्पिरिटचं. फडकं पांढरं घ्या. मग तुकडा दहा वेळा दुमडा. दोन तुकडे समोरासमोर ठेवून वर वजन ठेवा आणि उन्हात ठेवून द्या. नमुना तपासला म्हणून थांबू नका, आलेल्या मालातली मधलीच एक बाटली काढून पुन्हा सगळं करा. सीलर शाईच्याच द्रावणातला असला तर तो शाई उठवणारच. फिनिशच्या चामड्यावर लिहायचं तर आधी फिनिश ॲसिटोननं पुसून काढा, चामड्यासाठीचा ॲक्रेलिक रंग पातळ हातानं दोनदा द्या, पूर्ण वाळू द्या. हे वेळखाऊ आहे. यावर झटपट उपाय विकणाऱ्यापासून लांब राहा.

आणि आबा. सगळं कळल्यावर ते रागावले नाहीत. सालीनं कमावलेल्या कातड्याचा एक तुकडा भिजवून त्यावर त्यांनी गंजका खिळा ठेवला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी खिळ्याच्या आकाराचा काळा डाग. तेलानं घासला, स्पिरिटनं घासला, हलला नाही. बाभळीची साल, हिरडा यांच्या तुरट अंशाशी लोखंड भेटलं की काळं होतं, हे घरातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. ओलं कातडं लोखंडावर ठेवू नको म्हणून मी स्वतः आबांचं बोलणं खाल्लंय. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पाण्यात विरघळवून बोरूनं लिहिलं तर ते अक्षर कातड्याच्या आतच तयार होतं. क्रोमच्या चामड्यावर तसं होत नाही, फक्त सालीच्या. आता मी नावाची कव्हरं सालीच्या कातड्याचीच करते. पुण्याच्या बाईंना बारा करून पाठवली, पैसे न घेता. त्यांनी ठेवून घेतली.

गटातल्या दोघींना मी त्या संचातली एकेक बाटली ७५० ला दिली होती. त्यांचे १,५०० परत केले. एकीनं मोजून घेतले आणि तेव्हापासून आमच्या दारात आलेली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा आला. कंपनीचं नाव नवं, नंबर नवा, नमुना आता ५९९ ला. हात तेच आहेत आणि तुकडा अजून चिमटीत कडेनंच धरलेला आहे. ठाण्यात मला म्हणाले होते, तुमच्या एकटीचीच तक्रार आहे. ज्यांनी कुणी ही शाई घेतली असेल त्यांनी बाटलीचं वरचं लेबल सोलून फोटो काढा, यूपीआयवर आलेलं खातेदाराचं नाव लिहून ठेवा आणि तुमच्या हद्दीत लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.