सव्वा गुंठ्याचे घर आणि परवान्याच्या जागी पावती

शहराच्या हद्दीलगत असलेल्या आमच्या सव्वा गुंठ्याच्या प्लॉटवर घर बांधताना लहान भूखंडांसाठीची सुलभ बांधकाम परवानगीची सेवा आम्ही वापरली. कोल्हापुरात दीड गुंठ्याच्या आतले प्लॉट घेतलेली पुष्कळ कुटुंबे आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि कापलेला दीड गुण नियमाचा नव्हे, तर त्या नियमावर विश्वास न ठेवणाऱ्यांचा आहे.

राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली आणि मुंबईसारखे काही अपवाद सोडून शहरोशहरीच्या वेगवेगळ्या जुन्या नियमावल्या बाजूला ठेवल्या. आपल्याकडे तिचे महत्त्व जरा अधिक आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या महापालिकेची हद्द जेमतेम ६७ चौरस किलोमीटरची, आणि तिच्याभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये वेगळे प्राधिकरण आले. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे एक कार्यालय आणि पलीकडे दुसरे, अशी स्थिती आहे. निदान नियमांचे पुस्तक तरी आता दोन्हीकडे एकच आहे. बाल्कनी आणि जिना चटई क्षेत्रात (परवानगीसाठी मोजल्या जाणाऱ्या एकूण बांधकामात) धरायचा की नाही, यावरून पूर्वी जे वाद होत, तेही बरेचसे मिटले आहेत, कारण निवासी बांधकामात अशा पूरक क्षेत्रासाठी ६० टक्क्यांपर्यंतची वेगळी मर्यादाच ठरवून दिली आहे.

आमच्या कामाची तरतूद मात्र याहून साधी होती. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक अभियंत्याने स्वतः प्रमाणित केलेला नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क भरले की त्याची पावती हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांची मुदत आहे. आमचा प्लॉट सुमारे १२६ चौरस मीटरचा. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात निर्णयासाठी ६० दिवस धरलेले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे हा बदल किती मोठा आहे ते कळते. आमच्या अभियंत्यांनी मोजणी, नकाशा आणि सामासिक अंतरे (घराभोवती सोडायची मोकळी जागा) नीट बसवून दिली, शुल्क भरले आणि त्याच आठवड्यात पावती हाती आली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. खिडकीवरील कर्मचाऱ्याने शेजाऱ्यांचे संमतिपत्र मागितले; ते कोणत्या नियमानुसार, असे विचारल्यावर ‘पूर्वीपासून घेतो’ एवढेच उत्तर मिळाले. (अभियंत्यांनी नियमावलीतले पान उघडून दाखवले, तेव्हा आग्रह सुटला.) कर्ज देणाऱ्या बँकेने पावती उलटसुलट करून पाहिली आणि ‘हे शुल्काचे झाले, मंजुरीचा शिक्का कुठे आहे?’ असे विचारले. आमचे गवंडीमामा तर शिक्क्याचा नकाशा पाहिल्याशिवाय पाया खणायला तयार नव्हते, आणि गेल्या काही वर्षांत अनधिकृत ठरलेली बांधकामे पाहिलेल्या माणसाला मी दोष देत नाही. शासनाने कागद कमी केले. मात्र तो एकच कागद पुरेसा आहे, हे बँकांना आणि खिडक्यांना कळवणारे साधे पत्र पावतीसोबत जोडून दिले असते, तर आमचे तीन आठवडे वाचले असते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. सुलभ परवानगी म्हणजे नियमातून सूट नव्हे. पंचगंगेची पूररेषा तिथेच आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी मानतात आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते; त्यामुळे नदीकडच्या बाजूला प्लॉट असेल, तर नकाशा काढण्याआधी पूरक्षेत्राच्या हद्दी दाखवणारी निळी आणि लाल रेषा पाहून घ्यावी. स्वयंप्रमाणनात चूक निघाल्यास जबाबदारी सही करणाऱ्या अभियंत्यावर येते, म्हणून स्वस्तात सही देणाऱ्याकडे जाऊ नये.

सध्या आमचे काम स्लॅबपर्यंत आले आहे. भोगवटा प्रमाणपत्र अजून घ्यायचे आहे. त्याचा अनुभव आला की यात भर घालीन. तोपर्यंत मूळ पावती प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवली आहे आणि तिच्या सहा छायाप्रती मी पिशवीत बाळगतो.