ठोकळ्यांपेक्षा चिंचोके बरे: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत, लेकीला पाचवे वर्ष लागले तेव्हा, लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानातून शब्दांचे तुकडे पाडायला शिकवणारा खेळसंच 850 रुपयांना घेतला. चित्राची पट्टी पाहायची, शब्द म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक लाकडी ठोकळा मांडायचा, एवढाच खेळ. ठोकळे गुळगुळीत आहेत आणि त्यांचा रंगही टिकला आहे. पट्ट्या मात्र जूनच्या दमट हवेत फुगल्या.

'बटाटा', 'टोमॅटो' सुरळीत पार पडले. 'कमळ' आले आणि लेकीने दोनच ठोकळे मांडले. पट्टीच्या मागे उत्तर होते तीन. 'घर' या शब्दाला तिचा एक, पट्टीचे दोन. मी तिलाच दोनदा दुरुस्त केले, याचे आता वाईट वाटते. शेवटी हनुवटीखाली तळहात धरून स्वतः 'कमळ' म्हणून पाहिले, तर जबडा दोनदाच खाली आला: क-मळ. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारत नाही, त्यामुळे कानाला दोन तुकडे ऐकू येतात आणि कागदावर अक्षरे तीन दिसतात. संच करणाऱ्यांनी अक्षरे मोजली होती, लेकीने आवाज. तसे त्यांना कळवले, तेव्हा "मॅडम, अक्षरे नीट मोजून पाहा" असे उत्तर आले.

तेव्हापासून दोन खेळ वेगळे केले. मंडईतून आल्यावर ती पिशवीतून एकेक भाजी काढते, नाव घेत टाळ्या वाजवते आणि टाळीगणिक ताटलीत चिंचोका टाकते. 'गाजर' दोन, 'कोथिंबीर' तीन: को-थिं-बीर. ताटलीत पडणाऱ्या चिंचोक्याचा आवाज तिला इतका आवडतो की भाजी संपली की ती डब्यांतल्या डाळींकडे वळते.

ठोकळे अक्षरांसाठी राखले आहेत, आणि तिथे सासूबाईंच्या अभंगांची मदत झाली. मोठ्या अभंगाच्या चरणांत 6, 6, 6 आणि 4 अशी अक्षरे असतात. सासूबाई टाळ्यांवर एकेक अक्षर सुटे म्हणतात, तेव्हा 'कमळ'चेही क-म-ळ असे तीन ठोके पडतात आणि पट्टीवरचे उत्तर जुळते. जोडाक्षरांवर लेक अजून अडखळते: 'पुस्तक' म्हणताना तिचा 'स' आधीच्या 'पु'ला चिकटतो, लिहिताना तोच पुढच्या 'त'ला जोडावा लागतो.

संच घ्यायचाच असेल तर ठोकळ्यांसाठी घ्यावा. पट्ट्यांच्या मागची उत्तरे मी चिकटपट्टीने झाकून टाकली आहेत.