ऑटो सीपॅप मशीन: झोप सुधारली, बाकीचं सविस्तर सांगते

ऑटो सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र, मी बरेच महिने रोज वापरते आहे. घ्यावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम 'हो' आहे. फक्त त्याच्याकडून कशाची अपेक्षा ठेवायची आणि कशाची नाही, हे आधी समजून घ्या.

मला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडतो. वजन वाढतं तेव्हा चरबी पोटावरच थांबत नाही, मानेभोवती आणि जिभेतही साठते. झोपेत स्नायू सैल पडले की घसा आतून मिटतो, ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. तासाला श्वासात असे खंड 5 पेक्षा कमी असले तर ठीक, 30 च्या वर गेले तर आजार तीव्र धरतात. माझे 30 च्या वर होते.

निदान व्हायच्या आधी माझ्या तीन वेगळ्या फायली होत्या. उदासपणाची गोळी एका डॉक्टरांकडून, काठावरच्या शुगरचा सल्ला दुसऱ्यांकडून, आणि 'वजन कमी करा' सगळ्यांकडून. झोपेबद्दल कुणी विचारलंच नाही. बायकांमध्ये हा आजार पुष्कळदा थकवा, निद्रानाश, रडवेलेपणा अशा रूपात दिसतो, त्यामुळे तो नैराश्यात खपून जातो. याचा मला आजही राग येतो, कारण शरीर एकच होतं. दर दचक्यासरशी अ‍ॅड्रेनालिन वाढतं, यकृत रक्तात साखर सोडतं, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. अर्धवट झोपेने भूक खवळते, मन खचलं की चालायला जायची उमेद राहत नाही, आणि वजन आणखी चढतं. 1999 साली निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त 4 तास अंथरुणात राहू दिलं, तेवढ्यावर त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद कमी झाली होती.

आता मशीनविषयी. ते नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. दाब 4 ते 20 सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका असतो, आणि ऑटो प्रकारात गरजेप्रमाणे आपोआप वाढतो-उतरतो. आवाज पंख्यापेक्षा कमी. खरी परीक्षा मास्कची. नाक-तोंड झाकणारा मास्क माझ्या नाकाच्या हाडाशी सैल पडायचा, हवा थेट डोळ्यांत जायची आणि सकाळी डोळे चुरचुरायचे. नाकपुड्यांत बसणाऱ्या मऊ नळ्यांचा मास्क घेतला आणि प्रश्न सुटला. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना मात्र तो चालेलच असं नाही. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर जरूर घ्या, नाहीतर घसा कोरडा पडतो, आणि त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला.

सकाळचं डोकं जड होणं गेलं. दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटत नाहीत. चिडचिड इतकी उतरली की आधी घरच्यांच्या ते लक्षात आलं. गोळी कमी करायची का, हे मी डॉक्टरांवर सोडलं आहे, तुम्हीही मनाने बंद करू नका.

शुगरचं मात्र तसं नाही. सीपॅपने एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, उतरतं का, यावर अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. माझं फारसं हललं नाही. वजन तर मशीन कमी करतच नाही, काही जणांचं उलट थोडं वाढतं. म्हणून आहार, चालणं, गरज असेल तर औषध, हे सोबत हवंच. 2000 सालच्या एका मोठ्या पाहणीत 10 टक्के वजन घटलेल्यांचे श्वासाचे खंड सुमारे 26 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असणाऱ्यांसाठी टिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला मान्यताही मिळाली.

घेण्याआधी मास्क आडवं पडून, मशीन चालू ठेवून, कूस बदलून पाहा. बसून घातलेला मास्क नेहमी छानच बसतो. रात्री मास्कमधून होणारी हवेची गळती आणि श्वासाचे उरलेले खंड स्क्रीनवर दिसतात का, आणि मास्कच्या गाद्या सुट्या मिळतात का, हेही विचारून घ्या.