दोन पावसाळे, दोन छपरं आणि ८१२ वॉशर

२७ मेची रात्र. २०२५ साली मान्सून मे संपायच्या आतच कोकणात उतरला, आमची तर अंगणातली लाकडंसुद्धा अजून आत यायची होती. अडीचच्या सुमाराला माजघरातून सासूबाईंची हाक आली, "अगो, माझ्या मच्छरदाणीवर टपटप काय वाजतंय?" बॅटरी मारून पाहिलं. मच्छरदाणीला मधोमध वाटीएवढा झोळ आलेला, आणि त्यात पाणी. वर बघितलं तर चकचकीत, तेरा महिन्यांपूर्वी टाकलेला, दोन लाख सहासष्ट हजारांचा पत्रा.

सासूबाई ८४ वर्षांच्या. बादली सरकवून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "कौलं होती तेव्हा काठीनं सरकवलं की थांबायचं." खरंच थांबायचं. आतूनच बांबू लावून कौल बोटभर सरकवायचं आणि झोपायचं. पत्र्याला काठी लावून काय होणार?

"पत्रा घालू की शिंगल?" (शिंगल म्हणजे डांबरी तुकड्यांचं छप्पर) असं मला गेल्या वर्षभरात निदान दहा जणांनी विचारलं, कारण आमच्या घरावर दोन्ही आहेत. पत्र्याची जाडी, रंग, नळीचा आकार हे सगळं दुकानदार सांगतोच, ते उगाळत नाही. वापरून काय झालं तेवढं लिहिते.

घर दापोली तालुक्यात, समुद्र सरळ रेषेत चारेक किलोमीटर. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात निम्मी कौलं अंगणात आली. ताडपत्री, उसनी कौलं असं करत आणखी चार वर्षं काढली. उरलेलं काम माकडांनी केलं. फणस धरले की टोळी छपरावरूनच जाते, आणि प्रत्येक फेरीला पाच-सहा कौलं फुटतात. शाकारणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी कौलांपेक्षा जास्त मागतो. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये मुख्य घरावर अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा घेतला. जस्त-अॅल्युमिनियमचा मुलामा आहे तो, साध्या जस्ती पत्र्यापेक्षा दमट हवेत जास्त टिकतो. लोखंडी पाइपांच्या सांगाड्यासकट १,४०० चौरस फूट, १९० रुपयांनी. पुढच्या पडवीवर आणि तिच्या बाजूच्या खोलीवर मुलीच्या हट्टापायी शिंगल. प्लायसकट ३१० रुपये फूट, ३२० फुटांचे ९९,२०० झाले. ते बिल मी अजून फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, मुलगी आली की तिला दिसावं म्हणून.

शिंगल म्हणजे काय, तर काचेच्या तंतूंच्या जाळीवर डांबर आणि वर दगडाची बारीक कणी. मी पहिल्या दिवसापासून त्याला डांबरी कागदच म्हणते. पत्र्यासारखं नुसतं पाइपावर बसत नाही, खाली सलग फळी लागते, फळीवर वॉटरप्रूफ कापड, मग शिंगल, मग खिळे. म्हणजे एका छपरासाठी तीन छपरांचे पैसे.

हा अनुभव २०२४ च्या दिवाळीत लिहिला असता तर पत्र्याला पैकीच्या पैकी दिले असते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलून एक थेंब आत आला नाही. माकडं आली, धडाधडा उड्या मारून गेली, फुटलं काही नाही. आवाज? हो, आवाज आहे. जुलैच्या झडीत आम्ही दोघं जेवताना खुणेनं मीठ मागायचो. लेकीचा फोन आला की पडवीत जाऊन घ्यायचा, कारण आत ऐकूही येत नाही आणि रेंजही धड मिळत नाही. सकाळी ऊन पडलं आणि संध्याकाळी उतरलं की टक टक वाजतो ते वेगळंच. सुरुवातीला मला वाटलं घूस शिरली. तापून पत्रा वाढतो, वीस फुटी पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत जवळजवळ तीन मिलिमीटर लांब होतो. हे तीन मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

उकाड्याचं म्हणाल तर एप्रिलात दुपारी दोनला करोनातला तो कपाळावर धरायचा थर्मामीटर मी पत्र्याकडे रोखला. स्क्रीनवर नुसतं ‘हाय’ दाखवून गप्प बसला. माझीही तीच अवस्था होती. सीलिंग करायचं होतं, पण सव्वा लाख सांगितल्यावर "पुढच्या वर्षी बघू" झालं. थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम येतो, देव्हाऱ्यावर दोन-चार थेंब. तेही सहन केलं. न गळणाऱ्या छपराला माणूस पुष्कळ माफ करतो.

आता वॉशर, म्हणजे स्क्रूच्या डोक्याखालची रबर लावलेली चकती.

थेंब पडत होता सासूबाईंच्या खाटेवर, पण भोक तिथे नव्हतं. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने घरंगळतं, पाइप आडवा आला की पाइपावरून चालतं, आणि कंटाळलं की पडतं. आम्ही तीन दिवस चुकीच्या जागी बघत होतो. मी तीस वर्षं शाळेत काढली, घरात खडूंची कमी नाही. चौथ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर शिडी लावून माजघरावरच्या सगळ्या पाइपांना आतल्या बाजूने खडू फासला आणि पुढच्या सरीची वाट बघितली. सर येऊन गेल्यावर एका पाइपावरचा पांढरा पट्टा बोटभर रुंदीत धुतलेला दिसला, खाटेपासून चार फूट वर आणि दीड पत्रा डावीकडे. त्या जागी एक स्क्रू. स्क्रूच्या टोकाला थेंब लोंबत होता, अगदी नाकाला लोंबावा तसा.

नारळ काढायला येतो त्या पाडेल्याला कमरेला दोर बांधून वर पाठवला. तो म्हणाला, "काकू, रबर फाटलाय." मग म्हटलं आता चढलाच आहेस तर सगळेच बघ. तो वरून सांगत गेला, मी खाली वहीत रेघा मारत गेले. एकूण स्क्रू ८१२. रबर चेपून बाहेर आलेला किंवा फाटलेला: २९०. ढिले, हाताने फिरणारे: ६४. आणि ११ स्क्रू असे की खाली पाइपच नाही! पाइप चुकवून नुसते पत्र्यातून आरपार गेलेले. ते लोंबकळणारे स्क्रू मी गेलं वर्षभर खालून बघत होते आणि मला वाटत होतं तशीच पद्धत असेल.

स्क्रूच्या डोक्याखाली एक धातूची चकती असते आणि तिला काळा रबर चिकटवलेला असतो, एवढीच ती वस्तू. नीट आवळला की रबर चकतीच्या कडेपर्यंत येऊन किंचित फुगतो, तिथे थांबायचं. आमच्याकडे पत्रा बसवणारी मुलं मशीन करकचून दाबत होती, पोटात कळ आल्यासारखी. चकती वाटीसारखी दबली, रबर पिळून निघाला. त्यात रबर हलका. चांगला रबर उन्हात वर्षानुवर्षं मऊ राहतो, हा एका उन्हाळ्यात खजुराच्या बीसारखा कडक झाला. वर पत्र्याचं ते रोजचं तीन मिलिमीटर मागेपुढे. आणि कळस म्हणजे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर न मारता नळीत मारलेले, कारण तिथे स्क्रू आखूड लागतो आणि हात भराभर चालतो. नळीतूनच तर पाणी वाहतं! म्हणजे चार महिने प्रत्येक वॉशर ओढ्यात उभा.

पत्रा बसवून देणाऱ्या फॅब्रिकेटरला फोन केला. "काकू, पत्रा कंपनीचा आहे, कंपनीला विचारा." कंपनीला विचारलं. बाई फार गोड बोलल्या. रंग सोलला किंवा पत्रा गंजला तर हमी, स्क्रू आमच्याकडे येत नाहीत. दुकानदार म्हणाला, त्याने जे मागितले ते मी दिले. मग मी भाव विचारले. आम्हाला लावलेला स्क्रू तीन रुपयांचा. जाड मुलाम्याचा, चांगल्या रबराचा सात रुपयांचा. फरक चार रुपये, गुणिले ८१२. तीन हजार दोनशे अठ्ठेचाळीस. दोन लाख सहासष्ट हजारांच्या कामात ३,२४८ रुपये वाचवायला माझ्या सासूच्या अंगावर पाणी! आमचे हे म्हणतात, तू हा आकडा आता हळदीकुंकवालाही सांगतेस. सांगते.

जूनमध्ये फॅब्रिकेटरने एका पोराला सिलिकॉनच्या दोन नळ्या देऊन पाठवला. ओल्या पत्र्यावर सिलिकॉन धरत नाही हे त्या पोरालाही माहीत होतं, पण पाठवलं म्हणून आला. वरून बघितलं तर कबुतरं बसून गेल्यासारखं दिसत होतं. आणखी दोन ठिकाणी गळायला लागलं. पावसाळाभर खाट तीनदा हलवली.

या सगळ्यात सासूबाई झोपल्या कुठे? पुढच्या खोलीत, डांबरी कागदाखाली.

इथे मला शब्द मागे घ्यावे लागतात. मी नेऊन झोपवलं आणि स्वतः सोबतीला थांबले, तेव्हा पहिल्या रात्री दोनदा उठून खिडकी उघडली, पाऊस थांबलाय की काय बघायला. बाहेर धो धो. आत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. त्याच घरात, पंधरा पावलांवर, एवढा फरक! दुपारी पोथी वाचून दाखवायची असेल तर तीच खोली, फोन घ्यायचा असेल तर तीच खोली. जूनअखेर मी ते फ्रिजवरचं बिल काढून कपाटात ठेवलं.

ऑगस्टमध्ये परत लावलं. उत्तरेकडच्या, फणसाच्या सावलीतल्या पाखीवर, म्हणजे छपराच्या उतारावर, शेवाळ आलं. आधी काळे ओघळ, मग हिरवी लव. पत्र्यावरही येतं, पण ते खराट्याने जातं. शिंगलवर खराटा मारला तर शेवाळाबरोबर कणीही निघते, आणि कणी गेली की उघडं डांबर उन्हात मरतं. प्रेशरचा पाइप तर मुळीच मारायचा नाही. आढ्यावर तांब्याची किंवा जस्ताची पट्टी ठोकली की तिच्यावरून उतरणारं पाणी शेवाळ धरू देत नाही. मी जस्ताची घेतली. तांबं महाग आहेच, शिवाय तांब्यावरचं पाणी पुढे पत्र्यावर उतरलं तर पत्रा खातं, आणि आमच्याकडे दोन्ही छपरं एकमेकांना लागून.

दुसरी भानगड माकडांची. पत्रा त्यांना सोलता येत नाही. शिंगलच्या कडेची एक जीभ उचललेली त्यांना दिसली आणि तिघा-चौघांनी मिळून ती केळं सोलावं तशी ओढली. दोष माकडांचा नाही. शिंगलच्या खाली डिंकाची पट्टी असते, ती उन्हाने तापून खालच्या थराला चिकटते. आमचं काम संपलं मेच्या अखेरीला, चार दिवसांत पाऊस. पट्टी धड चिकटलीच नाही. काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकलं असतं तर हे झालं नसतं. आणि पाखीच्या टोकाला जो पत्र्याचा पातळ काठ लावायचा असतो तो लावलाच नव्हता, त्यामुळे प्लायची कड पाणी पिऊन बिस्किटासारखी फुगली.

पण दुरुस्तीचा हिशोब ऐका. डांबराच्या मलमाची एक नळी आणली, सुटलेल्या अकरा जिभा उचलून खाली मलम भरलं, वर चिऱ्याचे तुकडे ठेवले, दोन दिवसांनी काढले. पडवी बुटकी आहे, शिडीच्या चौथ्या पायरीवरून हात पोचतो, मी स्वतः केलं, ६१ व्या वर्षी. कुणाला फोन नाही, कुणाची गोड बोलणारी बाई नाही. एकच चूक झाली, जास्तीचा गठ्ठा घेऊन ठेवला नव्हता. आता त्या छटेचा माल येत नाही म्हणे, त्यामुळे माकडांनी नेलेल्या दोन तुकड्यांच्या जागी थोडे वेगळे तांबडे तुकडे आहेत. सासूबाईंना ते ठिगळ आवडतं, घर ओळखू येतं म्हणतात.

नोव्हेंबरात पत्र्याचे ८१२ च्या ८१२ स्क्रू बदलले. जुन्या भोकात एक नंबर जाड बसतो, बाराच्या जागी चौदा. फॅब्रिकेटर म्हणत होता स्टेनलेसचे घ्या, आयुष्याची ददात मिटेल. अजिबात घेऊ नका. जस्ताच्या मुलाम्यावर स्टेनलेस बसवला, त्यात खारी दमट हवा, की स्क्रूभोवतीचा पत्राच आधी जातो. ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका, कड जळते, आणि उडालेला कीस रात्रभर वर राहिला तर सकाळी तांबडे ठिपके. भिंतीच्या सांध्यात गवंड्याला सिमेंटचा माल भरू देऊ नका, तोही मुलामा खातो. माझ्याकडे ग्राइंडर, कीस, सिमेंट तिन्ही झालं. मजुरीसकट या वेळी १४ हजार गेले. एवढ्यात सीलिंगचा एक कोपरा झाला असता.

मला पुन्हा घालायचं झालं तर माजघरावर पत्राच, कारण १,४०० फूट शिंगल परवडायला मला तीस नाही, साठ वर्षं नोकरी करावी लागली असती. पण स्क्रू मी स्वतः दुकानातून आणीन आणि पहिले वीस माझ्यासमोर उंचवट्यावर बसवून घेईन. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर एक खोली शिंगलची करा, पैसे कुठूनही आणा.

जुने स्क्रू मी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात भरून पडवीत ठेवलेत, विचारायला येईल त्याला दाखवायला. परवा फॅब्रिकेटर उरलेले पैसे न्यायला आला, डबा हलवून बघितला आणि म्हणाला, "काकू, हे टाकू नका हां, खालच्या वाडीत एका गोठ्याचं काम आहे, तिथे चालतील."