टायफॉईडसाठी विडाल की ब्लड कल्चर?

पावसाळ्यात ताप चार दिवस हटत नाही, मलेरिया-डेंगी निगेटिव्ह येतात आणि मग टायफॉईडचं नाव निघतं. तिथून पुढे विडाल करायची की कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, हा प्रश्न. मी डॉक्टर नाही, पण भांडुपच्या आमच्या घरात दोन्ही करून झालंय.

विडालचा मोह मला कळतो. जरासं रक्त, संध्याकाळी रिपोर्ट, खर्च किरकोळ. १८९६ पासूनची तपासणी आहे, उगाच टिकली नसणार. पण ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. ती वाढायला आठवडाभर जातो. शिवाय टायफॉईड पूर्वी होऊन गेला असेल किंवा लस घेतली असेल, तर ती रक्तात आधीचीच असू शकतात. आपल्याकडे असे लोक काही कमी नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तापाच्या तिसऱ्याच दिवशी माझी विडाल १:१६० आली, म्हणजे रक्त एवढं पातळ करूनही प्रतिपिंडं दिसली. रिपोर्टवर ठळक 'पॉझिटिव्ह'. लगेच ॲंटिबायोटिकच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच दिवसांनी ताप तसाच, म्हणून कल्चर केलं, तर 'नो ग्रोथ'. जंतू नव्हतेच, की गोळ्यांनी दबले? लॅबवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, रक्त गोळीच्या आधी द्यायचं असतं." मला खरा राग या उलट्या क्रमाचाच आला. घाईच्या रिपोर्टने पुढच्या तपासणीचा रस्ताच बंद केला, आणि मला नेमकं काय झालं होतं ते आजतागायत ठाऊक नाही.

यंदा मुलीला ताप आला तेव्हा पहिल्या गोळीआधी कल्चर दिलं. मोठ्या माणसाचं एका बाटलीला आठ-दहा मिली रक्त काढतात, ते पाहून आईने लॅबमध्येच डोक्याला हात लावला. तिसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आलं, साल्मोनेला टायफी. खाली औषधांची यादी: सिप्रोफ्लोक्सासिन रेझिस्टंट (चालणार नाही), ॲझिथ्रोमायसिन सेन्सिटिव्ह (चालेल). कुठलं औषध चालेल हे विडाल कधीच सांगू शकत नाही. आणि ते तीन दिवस हातावर हात ठेवून बसावं लागलं नाही. रक्त काढल्याबरोबर डॉक्टरांनी अंदाजाने औषध सुरू केलं होतं.

कल्चरही देवमाणूस नाही. खरा टायफॉईड असलेल्या दहांपैकी चारेकांत ते काहीच दाखवत नाही, आणि पैसे जास्त पडतात. टायफीडॉटचे झटपट किट मिळतात, पण तीही प्रतिपिंडांचीच गोष्ट.

तेव्हा ताप नवा असेल, पोटात ॲंटिबायोटिक गेलं नसेल, तर मी कल्चरकडे झुकेन. शेवटी तुमचे डॉक्टर म्हणतील ते. गोळ्या चार-पाच दिवस झाल्याच असतील तर विडालला थोडा अर्थ आहे, पण तीही आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करून आकडा चौपट वाढला का ते बघायचं असतं. ताप उतरल्यावर दुसऱ्यांदा रक्त द्यायला गेलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.