'प्ले अ पार्ट' की 'हॅव अ हँड'?

एखाद्या गोष्टीत कुणाचा वाटा आहे हे सांगायला इंग्रजीत दोन्ही सर्रास वापरतात, पण ते प्रत्येक वेळी एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

'प्ले अ पार्ट इन' आला रंगभूमीवरून. शेक्सपिअरच्या काळात नटाला अख्खं नाटक मिळत नसे. स्वतःची वाक्यं आणि त्याआधीचे इशाऱ्याचे शब्द एवढंच लिहिलेली गुंडाळी हाती पडायची. तिलाच पार्ट म्हणत. म्हणूनच यात 'मोठ्या गोष्टीतला एक हिस्सा' हा भाव पक्का बसला आहे. कर्ता माणूसच हवा असंही नाही: मधुमेहात आनुवंशिकता 'प्लेज अ पार्ट'. अहवाल किंवा शास्त्रीय लेखनात मी डोळे झाकून हाच घेईन.

'हॅव अ हँड इन'मधला हात बहुधा माणसाचा (नशिबालाही कधीकधी हात फुटतात). कट, घोटाळा, कुणाची हकालपट्टी अशा पडद्याआडच्या कामांना तो शोभतो. आपल्या 'यात त्याचा हात आहे'सारखाच संशय त्यात डोकावतो. कौतुकातही तो चालतो, नाही असं नाही. तरी सहकाऱ्याच्या शिफारसपत्रात 'प्लेड अ की पार्ट'च लिहा.