माया आणि मिहे-सोके भाषांचा भिंतीवरचा नकाशा: घ्या, पण "पोपोलुका" हे भाषेचं नाव तपासून

महिना झाला हा नकाशा भिंतीवर लावून, अजूनही येताजाता पाय थांबतात. एरवी मेक्सिकोतल्या युकातानपासून ग्वाटेमालापर्यंत सगळं एकाच रंगात माखून वर "माया" लिहिलं की झालं काम, असे नकाशे खूप बघितलेत. इथे तसं नाहीये, एकट्या ग्वाटेमालातच 22 माया भाषांना मान्यता आहे आणि त्या सगळ्या वेगवेगळ्या दाखवल्यात, किचे, काक्चिकेल, माम डोंगरात अगदी खेटून आणि केक्ची मात्र खाली उतरून पार बेलीझपर्यंत गेलेली.

माझा जीव जडलाय तो वरच्या डाव्या कोपऱ्यावर. हुआस्तेक! हीपण माया भाषाच, पण मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी आणि उत्तर वेराक्रूसमध्ये, बाकी सगळ्या भावंडांपासून शेकडो किलोमीटर लांब. आणि तिची सगळ्यात जवळची बहीण चिकोमुसेल्तेक कुठे, तर खाली मेक्सिकोच्याच चियापास राज्यात ग्वाटेमालाच्या सीमेजवळ, आणि ती बोलणारं आता कोणीच उरलं नाही म्हणून तिचं नाव फिकट राखाडी अक्षरात छापलंय. एका बहिणीवर अंगठा ठेवून करंगळी ताणली तरी दुसरीपर्यंत पोचत नाही, हे हाताने करून बघितलं तेव्हा खरंच वाईट वाटलं.

मिहे-सोके हे दुसरं भाषाकुळ दक्षिण मेक्सिकोतल्या तेउआन्तेपेकच्या चिंचोळ्या भागात आणि आजूबाजूला, ओआहाकाच्या डोंगरात मिहे, चियापासच्या वायव्येला सोके. ओल्मेक ह्या प्राचीन संस्कृतीच्या लोकांची सान लोरेन्सो आणि ला वेन्ता ही ठिकाणंपण ठिपक्यांनी दिलीयेत, त्यामुळे ओल्मेक ह्याच कुळातली भाषा बोलत असावेत हा भाषातज्ज्ञ कॅम्पबेल आणि कॉफमन यांनी 1976 मध्ये मांडलेला मुद्दा बघताक्षणी डोक्यात बसतो.

पण चूक आहे ती इथेच. वेराक्रूसमधल्या ओलुता, सायुला, तेशिस्तेपेक, सोतेआपान ह्या चारही जागांना एकच रंग आणि एकच नाव, पोपोलुका. अहो, हे नाव नाहुआत्ल ह्या अझ्टेकांच्या भाषेतून आलंय, ज्यांचं बोलणं कळत नाही त्यांना सरसकट चिकटवलेलं! ओलुता आणि सायुला मिहे शाखेतल्या, उरलेल्या दोन सोके शाखेतल्या, एवढी मेहनत घेणाऱ्यांनी हे सोडायला नको होतं. शिवाय 1982 मध्ये एल चिचोन ज्वालामुखी फुटला आणि कितीतरी सोके कुटुंबांना गावं सोडून दुसरीकडे वस्ती करावी लागली, त्या नव्या वस्त्यापण नाहीत.

कागद जाड आहे, छपाई स्वच्छ, बारीक नावंसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येतात. पाचपैकी चार स्टार. पोपोलुकाच्या चार जागांवर मी पेन्सिलने मिहे, मिहे, सोके, सोके लिहून टाकलंय.